आणखी मागणं ही लाचारी नव्हे : विद्यार्थी भीमरावांच्या अर्जांचा इतिहास

म्हसावद, शहादा, धडगाव या पट्ट्यातली मुलं-मुली आता परदेशी विद्यापीठांची स्वप्नं पाहू लागली आहेत. पण प्रवेशाचं पत्र हातात पडलं तरी पैशाचा हिशोब जुळेलच असं नाही. विद्यापीठाने थोडी फी माफ केलेली असते, सरकारी शिष्यवृत्तीची आशा असते आणि तरीही खड्डा उरतो. अशा वेळी विद्यापीठाला पुन्हा पत्र लिहून आणखी मदत मागावी लागते. नेमकी इथेच आपली मुलं अडखळतात. "एवढं दिलंय, आता पुन्हा कोणत्या तोंडानं मागायचं?"

मित्रांनो, हा संकोच आपला नाही. शिकायला मिळालं हेच उपकार माना, असं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनावर बिंबवलं गेलं, त्यातून तो आला आहे. बाबासाहेबांचा विद्यार्थिदशेतला इतिहास वाचला की तो गळून पडतो.

१९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. या तुटपुंज्या रकमेतून स्वतःचं पोट भरायचं, पुस्तकं घ्यायची आणि मुंबईला घरीही पैसे पाठवायचे. जून १९१६ मध्ये मुदत संपत आली तेव्हा त्यांना लंडनला पुढे शिकायचं होतं. त्यांनी मुदतवाढ मागितली. ती मिळाली, पण थोडक्या काळापुरती. १९१७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पैसा संपला होता, पण त्यांनी दार बंद होऊ दिलं नाही.

पुढे सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, छत्रपती शाहू महाराजांचाही हातभार लागला आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तरीही पैसे पुरले नाहीत. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले.

ते पत्र प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावं असं आहे. त्यात रडगाणं नाही. शंभर पौंड कायद्याच्या शिक्षणाच्या फीसाठी आणि शंभर मायदेशी परतण्यासाठी, असा चोख हिशोब आहे. अडचणीचं कारण दिलं आहे : रुपयाचा घसरलेला विनिमय दर. आणि रक्कम कर्ज म्हणून, व्याजासह फेडण्याच्या बोलीवर मागितली आहे.

विनिमय दराचा मुद्दा नीट समजून घ्या. १९२० साली सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरवला होता. त्या दराने दोनशे पौंडांना दोन हजार रुपये पडत. १९२१ मध्ये बाजारात रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आला. तेच दोनशे पौंड आता तीन हजारांना पडू लागले. विद्यार्थ्याची चूक काहीच नव्हती, पण साठवलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा हवेत विरला. हाच विद्यार्थी त्या काळात रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. ज्या घसरणीने त्यांचा खिसा कापला, तिचं अर्थशास्त्र त्यांनी जगासमोर मांडलं.

पण बाबासाहेब स्वतःच्या पदवीवर थांबले नाहीत. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार लाखोंचं अनुदान देतं, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. देशातल्या उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी त्यांनी वेगवेगळ्या रकमा मागितल्या. सरकारला पैसे मंजूर करावे लागले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उभी राहिली आणि दलित विद्यार्थी सरकारी खर्चाने विलायतेला गेले. एका विद्यार्थ्याची मागणी आता समाजाचा हक्क झाली होती.

आज त्या हक्काचं काय चाललंय? केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व इतर काही घटक मिळून साऱ्या देशासाठी १२५ जागा आहेत. आदिवासींसाठी वेगळी योजना आहे, तिच्यात फक्त २०. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या वाट्याला त्यातलं काय येणार, याचा विचार करा. २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषयच १२५ जागांच्या योजनेतून वगळले गेले. म्हणजे जातीवर परदेशात संशोधन करायचं असेल तर सरकार पैसा देणार नाही! जुलै २०२५ मध्ये याच योजनेत १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रं मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना सांगण्यात आलं : निधी असेल तर बघू.

रक्कमही पाहा. ब्रिटनसाठी या योजनेत निर्वाहभत्ता ठरला वर्षाला ९,९०० पौंड. आणि लंडनमध्ये शिकणाऱ्याने नऊ महिन्यांच्या खर्चासाठी १३,३४७ पौंड दाखवावेत, अशी ब्रिटिश व्हिसाची २०२५ मधली अट. साडेतीन हजार पौंडांचा खड्डा तर कागदावरच दिसतो!

म्हणून विद्यापीठाकडे मागा, आणि बाबासाहेबांसारखं मागा. प्रवेश स्वीकारण्याच्या मुदतीआधी लिहा. अमेरिकेत तर अनेक कॉलेजांत पहिल्या अर्जातच मदत मागितली नाही तर परदेशी विद्यार्थ्याला नंतर ती मिळत नाही, हे लक्षात ठेवा. एकूण खर्च किती, जमा किती, कमी किती, हे त्यांच्याच चलनात मांडा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोडा. कोरडवाहू दोन एकरांचं उत्पन्न म्हणजे काय, हे तिथल्या अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही, ते दोन ओळींत समजावून सांगा. दुसऱ्या विद्यापीठाने जास्त मदत देऊ केली असेल तर तेही पत्र जोडा. पूर्ण रक्कम जमत नसेल तर फी हप्त्याने घ्याल का, कॅम्पसवर काम द्याल का, हे विचारा. फार तर नकार येईल.

याच शहादा तालुक्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासी हातून गेलेल्या जमिनी आणि कामाचा रास्त मोबदला मागत उभे राहिले. त्या मागण्याला कुणी भीक म्हणू शकलं नाही. त्यांच्या नातवंडांनी विद्यापीठापुढे मान खाली घालून का उभं राहावं?

आणि एक जबाबदारी विसरू नका. स्वतःची फी भागली की काम संपलं, असं मानू नका. जागा वाढवा, भत्ता महागाईशी जोडा, वगळलेले विषय परत आणा, ही मागणी सरकारदरबारी एकत्र येऊन लावून धरा. १९२१ चं पत्र आणि १९४२ चं निवेदन एकाच माणसाने लिहिलं होतं. आपल्यालाही दोन्ही लिहावी लागतील.

जय भीम!