नाताळचा डबा कुठून आला?

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं गाव. डिसेंबरात या पट्ट्यातलं सोयाबीन विकून झालेलं असतं, हळद अजून जमिनीत असते आणि कापूस फुटतच असतो. वेचणीला बायाच लागतात. दिवसभर शेतात वाकून आलेल्या बाईला २४ तारखेच्या रात्री एका झपाट्यात नाताळचा सण उभा करता येत नाही. करायचं ते आठ-पंधरा दिवस आधीपासून, संध्याकाळी चूल मोकळी झाली की थोडंथोडं करायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. हल्ली मासिकांतून ‘आधीच करून ठेवा’ हा सल्ला मोठ्या कौतुकाने दिला जातो. मराठी ख्रिस्ती घरांना तो कुणी द्यावा लागला नाही.

त्या डब्यात असतं काय? करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, चिवडा, एखादा लाडवाचा प्रकार. वरच्या थराला नानकटाई. केक असलाच तर वेगळ्या डब्यात. बाहेरचा माणूस हे पाहून म्हणतो, ही तर दिवाळी, फक्त केक जास्तीचा. मला हे पटत नाही. करंजी दिवाळीला होते तशी रुखवतात मांडली जाते, सासरी निघालेल्या लेकीबरोबर जाते, लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या पिशवीत असते. ती एका सणाची नाही. जिथे जिथे खाणं टिकवायचं आहे तिथे ती हजर असते, आणि नाताळला टिकवायचं होतंच.

टिकण्याची युक्ती साधी आहे, पण ती हाताला ठाऊक असावी लागते. ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी वास मारते. सुकं खोबरं किसून मंद आचेवर कोरडं भाजलं, खसखस आणि रवा भाजून घेतला, गार झाल्यावरच पिठीसाखर मिसळली, तर तीच करंजी पंधरा दिवस हलत नाही. सारण गरम असताना साखर घातली की तिला पाणी सुटतं आणि आतून पारी मऊ पडते. पिठाला मोहन कडकडीत हवं. शंकरपाळी मोठ्या आचेवर तळली तर वरून लाल आणि आत ओली राहते. तिसऱ्या दिवशी ती चिवट लागते. म्हणून बारीक आच, आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत धीर. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी. ते गेलं की बुरशीला जगायला काही उरत नाही, मग राहतो तो फक्त हवेतला दमटपणा, आणि त्याच्यासाठी घट्ट झाकणाचा डबा.

ही विद्या घेऊनच मराठी माणसं ख्रिस्ती झाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. मराठवाड्यात जालन्याला काम उभं केलं ते नारायण शेषाद्री यांनी. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले हे ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेला गेले तेही पागोटं आणि देशी पोशाख घालूनच. पुढे अहमदनगर भागात नारायण वामन टिळकांनी हाच आग्रह भजन-कीर्तनापर्यंत नेला. ज्यांना येशूचं गाणं अभंगात हवं होतं त्यांच्या स्वयंपाकघरात सणाला करंजी तळली जाणं ओघानेच आलं. तिला कुणाची परवानगी लागली नाही.

गोव्यात मात्र लागली असती. तिथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये जो फतवा काढला त्यात नवख्रिस्तींनी काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. तुळस लावू नये, लग्नात अमुक विधी करू नयेत, इतकंच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये इथपर्यंत ती गेली. माणसाच्या भाताच्या पातेल्यात डोकावणारी सत्ता क्वचितच पाहायला मिळते. पण नेवरी, म्हणजे गोव्याची करंजी, वाचली. गोव्यातली हिंदू घरं चतुर्थीला नेवऱ्या करतात आणि ख्रिस्ती घरं नाताळला. आकार तोच, काठाची मुरड तीच. शेजाऱ्यांकडे नाताळात जे ताट जातं, त्यात नेवरीशेजारी पोर्तुगीज वळणाचे पदार्थ येऊन बसले: रव्या-खोबऱ्याच्या बोलिन्या, पेरूची पेराड, चणाडाळीचा दोस, थरांची बेबिंका. दोदोल तर तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध तासन् तास घोटून, तेल सुटेपर्यंत आटवायचा. आटवणं हाही पाणी घालवण्याचाच एक मार्ग. कुलकुलं करताना घरातली सगळी पोरं जमतात आणि पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळतात. वसईपासून मुंबईपर्यंतच्या ईस्ट इंडियन घरांतही हे आहेच. माझ्या मते कुलकुलं म्हणजे वळलेली शंकरपाळीच, फक्त तिला कुणीतरी फणीने विंचरलेलं आहे.

केक या डब्यात सर्वांत शेवटी आला, आणि आला तोही मराठवाड्याच्या अंगणात सरळ नव्हे. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी ही फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानी लष्करात मिसळली. इंग्रज राजवटीतल्या छावण्यांमधून नाताळ म्हणजे साहेबाच्या मेजावर प्लम पुडिंग, आणि साहेबाच्या दारात फळं-मिठायांनी भरलेली डाली. ही डाली हिंदुस्थानी कारकून, ठेकेदार, सावकार पाठवत. म्हणजे छावणीच्या नाताळात गोडधोड गावातून साहेबाकडे जाई. साहेबाचं पुडिंग गावात येत नसे.

देशी हाताने केलेल्या नाताळच्या केकची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती केरळातल्या थलश्शेरीची आहे. तिथे बिस्किटांचा कारखाना चालवणाऱ्या मंबळ्ळी बापू यांच्याकडे १८८३ मध्ये मर्डॉक ब्राउन नावाचा मळेवाला इंग्लंडचा केक घेऊन आला आणि असाच करून दे म्हणाला. बापूंनी विलायती ब्रँडीच्या जागी काजूच्या बोंडाची आणि कदळी केळ्याची दारू वापरली, असं सांगतात. या गोष्टीत मला महत्त्वाची वाटते ती दारू. सुकामेवा आठवडेच्या आठवडे दारूत मुरवणं, दाट केक करून ठेवणं, तो जुना होईल तसा चवीला चढत जाणं, हे सगळं लोणच्याच्या बरणीच्या जातीचं काम आहे. विलायती केकही मुळात टिकवायचाच पदार्थ होता. म्हणूनच तो आमच्या डब्यात परका वाटला नाही.

अडचण भाजण्याची होती. तीही वाटते तेवढी मोठी नव्हती. कोकणात काकडीचं धोंडस पातेल्यात घालून, झाकणावर निखारे ठेवून वर-खाली भाजतात. बेबिंकेचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवरच लाल होतो. मराठवाड्यात नानाच्या भट्ट्या जुन्या. औरंगाबादचा नान-खलिया महंमद तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आला, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. म्हणजे आच होती, भट्टी होती. घरोघरी ओव्हन नव्हता इतकंच.

इथे नानकटाईने बाजी मारली. तिचा उगम सुरतेला सांगतात. डच व्यापारी तिथून १८२५ च्या सुमारास गेले तेव्हा त्यांची बेकरी दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तिच्यातून हे बिस्कीट जन्माला आलं, अशी कथा आहे. मैदा, तूप, साखर. अंडं नाही, यीस्ट नाही, पाण्याचा थेंब नाही. याहून टिकाऊ आणि याहून सोपं भाजकाम मला दुसरं माहीत नाही. १९३७ मध्ये डालडा आला आणि ज्या घरात साजूक तूप सणापुरतंही परवडत नव्हतं तिथेही ती होऊ लागली. महाराष्ट्राच्या गावोगावी एक रिवाज पडला: मैदा, साखर, डालडा घरून न्यायचा, बेकरीवाल्याला भाजणावळ द्यायची आणि पत्र्याच्या डब्यात बिस्किटं भरून आणायची. ट्रे आपलाच आहे ना, यावर नजर ठेवायला घरातलं एक माणूस भट्टीपाशी उभं करायचं. नंबर लागेपर्यंत तास-दोन तास सहज जातात, पण एका खेपेत महिन्याचा माल होतो.

केक मात्र घरी करायचा हट्ट होता. आधी जाड पातेल्यात वाळू तापवून, मग १९५९ नंतर बाजारात आलेल्या प्रेशर कुकरात मिठाचा थर देऊन. शिटी काढायची, रिंग काढायची, पाणी घालायचं नाही, बारीक गॅसवर पाऊण तास. मुरवलेल्या मेव्याच्या जागी तासगावचे बेदाणे आणि कच्च्या पपईची टूटीफ्रूटी. रमऐवजी संत्र्याचा रस, कारण याच दिवसांत नागपुरी संत्री स्वस्त असतात. पण रस काही दारू नव्हे. त्यात भिजवलेले बेदाणे दोन दिवसांत आंबतात, म्हणून ते आदल्या रात्रीच भिजवायचे. केकही दारूशिवाय महिनाभर राहत नाही. चार-पाच दिवसांत संपवावा लागतो. तळणाचे डबे पंधरवड्याआधी आणि केक शेवटच्या दोन दिवसांत, हे वेळापत्रक यातून आपोआप ठरतं.

शेवटचा बदल घडवला तो शेजाऱ्यांनी. दिवाळीला ज्यांच्या घरून फराळाचं ताट आलं त्यांना नाताळला ताट परत जायला हवं, रिकामं भांडं पाठवायचं नाही हा नियम इथेही लागू आहे. पण वारकरी घरात अंड्याचा केक पाठवणार कसा? मग त्या ताटातून केक वगळला जाई आणि करंज्या, चकल्याच जात. अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घालून किंवा दह्यात रवा भिजवून, वर खायचा सोडा टाकून केलेला केक घरोघर शिकला गेला, त्यामागे आरोग्याच्या सल्ल्यापेक्षा हे ताट जास्त आहे असं मला वाटतं. रव्याचा केक थोडा भरड होतो, कडेने कुरकुरीत राहतो, दह्यामुळे दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. आता तो अंडं खाणाऱ्यांच्या घरीही तसाच होतो, कारण एकदाच करायचा आणि सगळीकडे वाटायचा.