दिनविशेष : २७ नोव्हेंबर – थॅलिडोमाइडची विक्री बंद
पश्चिम जर्मनीत १९५७ पासून निद्रेचे निर्धोक औषध म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही सर्रास विकले जाणारे, आणि गर्भवतींना मळमळीवर दिले जाणारे थॅलिडोमाइड हेच हातापायांची वाढ खुंटलेल्या अर्भकांच्या जन्माचे कारण असावे, असा इशारा हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी दिल्यानंतर, १९६१ साली आजच्या दिवशी ग्रुनेन्थाल कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनाच्या दप्तरी फ्रान्सिस केल्सी यांनी समाधानकारक पुराव्याअभावी त्याची मंजुरी रोखून धरली होती. हे द्रव्य सेरेब्लॉन नामक प्रथिनाशी संयोग पावून गर्भाच्या वाढीत विक्षेप आणते, हे जपानी संशोधकांनी २०१० साली दाखविले. आज तेच औषध कडक निर्बंधांखाली अस्थिमज्जेच्या कर्करोगावर वापरले जाते.