अर्थची तार

मोटारीच्या बॅटरीवर काम करताना अर्थची तार सर्वांआधी सोडवावी आणि काम आटोपल्यावर तीच सर्वांच्या शेवटी जोडावी, हा गॅरेजमधील शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे, की उस्तादाने तो शागिर्दाला सांगावा आणि शागिर्दाने कारण न विचारता तो पाळावा, असेच बहुधा घडते. परंतु या शिरस्त्यालाही इतिहास आहे. आणि रविवारी सकाळी घरच्या अंगणात बॉनेट उघडून बसणाऱ्या हौशी मालकाने तो जाणून घेणे, हे पाना हाती घेण्याइतकेच आवश्यक आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेत तिच्यापासूनचा धोका डोळ्यांना दिसणारा होता. इंजिन सुरू करायचे म्हणजे समोर वाकून लोखंडी हॅन्डल अडकवायचे आणि सर्व बळ एकवटून ते फिरवायचे. पण ठिणगी वेळेआधी पडली, तर दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच इंधन पेट घेई, इंजिन उलटे फिरे आणि हॅन्डलचा तडाखा थेट हातावर बसे. मनगटापाशी, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक मोडण्याच्या एका विशिष्ट प्रकाराला वैद्यकात ‘शोफर फ्रॅक्चर’ हे नाव पडले, ते याच तडाख्यामुळे. म्हणून अंगठा हॅन्डलभोवती वळवू नये, तो चार बोटांच्याच बाजूस ठेवावा, आणि हॅन्डल वरून दाबण्याऐवजी खालून वर ओढावे, असा त्या काळच्या चालकांचा दंडक होता.

या जाचातून मनुष्याची सुटका केली ती विजेने. अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या डेटन येथील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने पूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रांसाठी छोटी विद्युत्-मोटर योजिली होती. त्या अनुभवातून त्याच्या ध्यानी आले, की जी मोटर क्षणभरच चालवायची, तिच्यावर तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ अधिक भार टाकता येतो. या तत्त्वावर रचलेला त्याचा सेल्फ-स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला आणि पाहता पाहता हॅन्डल केवळ अडीअडचणीचे साधन उरले. मात्र बळाची जागा विजेने घेतली, तेव्हा दृश्य धोक्याची जागाही अदृश्य धोक्याने घेतली.

ज्या बॅटरीवर हा सारा व्यवहार चालतो, ती शिसे आणि गंधकाम्ल यांची. तिचा शोध फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ सालीच लावला होता. तिच्या १२ व्होल्टांच्या दाबाने कोरड्या हाताला धक्का बसत नाही, आणि नेमके हेच सौम्य रूप माणसाला गाफील करते. घरातल्या मोठ्या प्लगची मर्यादा जिथे १६ अँपिअरची, तिथे ही बॅटरी शॉर्ट झाली असता क्षणात शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडते. पाना तिच्या चालू टोकावर आणि गाडीच्या पत्र्यावर एकाच वेळी टेकला, तर तो लालबुंद होतो, आणि त्या वाटेत बोटातली अंगठी किंवा मनगटावरचे धातूचे घड्याळ आले, तर हाडापर्यंत भाजते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो ४ टक्के साचला तरी एका ठिणगीने भडका उडण्यास पुरेसा असतो, आणि त्या स्फोटात अंगावर जे उडते ते आम्ल असते. म्हणून अंगठी-घड्याळ काढून ठेवणे, डोळ्यांवर चष्मा चढवणे, आणि चार्जरचे चिमटे लावण्या-काढण्यापूर्वी त्याचे बटण बंद करणे ही खबरदारी घ्यावी लागते.

आता त्या शिरस्त्याकडे वळू. गाडीचा सारा सांगाडा बॅटरीच्या एका टोकाला जोडलेला असतो, त्यालाच अर्थ म्हणतात. ती तार आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्ही एकाच टोकाचे. आणि ती एकदा सुटली, की दुसरी तार सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तरी प्रवाहाचे वर्तुळ पुरे होत नाही. ‘काळी तार आधी’ किंवा ‘ऋण तार आधी’ असे जे आज म्हटले जाते, ते या विचाराचे संक्षिप्त रूप होय. परंतु संक्षेपात धोका असतो, याचा दाखला इतिहासातच आहे. ब्रिटिश मोटारींत १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याचा प्रघात सर्रास होता, आणि त्या बनावटीच्या गाड्यांबरोबर तो आपल्या रस्त्यांवरही आला. अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर यांचे युग येताच तेथील कारखानदारांनी तो सोडून ऋण टोकाची अर्थ स्वीकारली. धन अर्थच्या जुन्या गाडीवर जो केवळ ‘ऋण तार आधी’ हे शब्द पाठ करून काम करील, तो चालू तारच प्रथम सोडवील. उलट ज्याला कारण ठाऊक आहे, तो दोन्ही काळांत निर्धोक राहील.

आज काळ पुन्हा पालटला आहे. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटाच्या प्रियस या संकरित मोटारीत २८८ व्होल्टांची बॅटरी होती, आणि आजच्या बहुतेक विजेच्या मोटारींत त्याहूनही अधिक दाब असतो. त्यांतील जाड नारिंगी तारा म्हणजे प्राणघातक विजेची खूण होय. मुख्य जोड सोडवल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो, त्यामुळे पाना आणि अर्थची तार एवढ्या भांडवलावर तिथे हात घालण्याची मुभा कोणालाही नाही.

हॅन्डलवरचा अंगठा, अर्थची तार आणि नारिंगी वेष्टण हे तीन पिढ्यांचे तीन नियम. प्रत्येकाने आपापल्या काळातील यंत्राचा स्वभाव ओळखून माणसाचे रक्षण केले. आपल्या भाषेत ‘अर्थ’ या एकाच शब्दाने जमिनीशी जोडणारी तारही सांगितली जाते आणि वाक्याचा आशयही. तेव्हा घरच्या गाडीचे बॉनेट उघडणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती, की तारेला हात लावण्यापूर्वी नियमाचा अर्थ समजून घ्यावा, आणि तो समजला नसेल, तर पाना खाली ठेवून जाणत्या मिस्त्रीला बोलवावे.