परक्या घरातले वर्ष

१९२३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी रोशांबो नावाच्या बोटीने फ्रान्सला निघाले. पदवीचे तिसरे वर्ष ते तिथेच पुरे करणार होते, आणि तिथला अभ्यास त्यांच्या पदवीत धरला जाणार होता. त्याआधीही मुले परदेशी शिकायला जात, पण ती पूर्ण पदवीसाठी किंवा पदवी झाल्यावर. आपल्याच पदवीतले एक वर्ष दुसऱ्या देशात काढून परत यायचे, ही कल्पना नवी होती. ती मांडली फ्रेंच शिकवणारे तरुण प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांनी. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. विद्यापीठाने पैसे दिले नाहीत, तेव्हा अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी उद्योगपती पिएर द्यु पाँ यांच्यासारख्या धनिकांकडून निधी उभा केला. त्या काळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीही योजनेला पाठबळ दिले. परदेशाशी व्यापार करायचा तर तो देश आतून जाणणारी माणसे हवीत, हा हिशेब त्यांना पटलेला होता.

हे विद्यार्थी आधी नान्सी शहरात फ्रेंच भाषा पक्की करत आणि मग पॅरिसला सॉर्बोनमध्ये दाखल होत. त्यांच्या राहण्याची सोय फ्रेंच कुटुंबांत केलेली असे, आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या, पुढच्या इतिहासात हीच सोय सर्वांत मोलाची ठरली. वर्गातली भाषा पुस्तकी असते. जेवणाच्या टेबलावरची भाषा वेगाने धावते, अर्ध्यावर तुटते, रागावते आणि चिडवतेही. घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यापासून पळ काढता येत नाही. १९२५ साली स्मिथ या महिला महाविद्यालयानेही आपल्या विद्यार्थिनी पॅरिसला पाठवायला सुरुवात केली. डेलावेअरची योजना १९४८ मध्ये बंद पडली, पण तोवर हा पायंडा पक्का झाला होता.

घराचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते डोनाल्ड वॉट यांनी. १९३२ मध्ये त्यांनी अमेरिकन मुलांना युरोपात नेले आणि तिथल्या मुलांबरोबर छावणीत ठेवले. मुले एकत्र राहिली खरी, पण आपापल्या भाषेच्या कोंडाळ्यातच. मग वॉट यांनी छावणीचा नाद सोडून मुलांना एकेका कुटुंबात ठेवायला सुरुवात केली. ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ या त्यांच्या संस्थेने ही पद्धत पुढे अनेक देशांत नेली.

शाळकरी मुलांच्या एका मोठ्या एक्स्चेंजची सुरुवात मात्र रणांगणावर झाली. १९१५ मध्ये पिआट अँड्र्यू यांनी फ्रेंच सैन्यासाठी अमेरिकन स्वयंसेवकांची रुग्णवाहिका सेवा उभी केली. तिचे नाव ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’, म्हणजे एएफएस. दुसऱ्या महायुद्धात स्टीफन गलाती यांच्या नेतृत्वाखाली तिचे चालक उत्तर आफ्रिका, इटली आणि भारत-ब्रह्मदेश सीमेवरही जखमी सैनिक वाहून नेत होते. युद्ध संपल्यावर संस्था मोडून टाकणे सोपे होते. तसे न करता १९४६ मध्ये गलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची ने-आण करायचे ठरवले. जखमी वाहून नेण्याची वेळच येऊ नये म्हणून काय करता येईल, याचे हे त्यांचे उत्तर होते आणि ते पूर्ण गांभीर्याने दिलेले होते. १९४७-४८ मध्ये १० देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. ते शाळेत शिकत आणि सामान्य कुटुंबांत घरचेच मूल म्हणून राहत. यजमानांना त्यासाठी पैसे मिळत नसत. विद्यार्थी भाडेकरू नसल्यामुळे भांडी घासणे, अंगण झाडणे, रात्री वेळेत घरी येणे हे नियम त्यालाही लागू होत. १९५० पासून अमेरिकन मुलेही बाहेरच्या देशांत जाऊ लागली आणि व्यवहार खऱ्या अर्थाने दुतर्फा झाला.

१९४६ मध्येच अमेरिकेत फुलब्राइट कायदा झाला. युद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले लष्करी सामान विकून आलेला पैसा त्याने शिष्यवृत्त्यांकडे वळवला. या शिष्यवृत्तीधारकांच्या परदेशातल्या अनुभवाचा शास्त्रीय अभ्यासही झाला. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लीसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांची पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेल्यांचे तिथे बरे जमले होते. मधल्या मुदतीत परतलेल्यांचे तितकेसे नाही. सुरुवातीचा उत्साह, मग एकटेपणाची घसरण आणि पुढे सावरणे, असा हा आलेख. तो सगळ्यांना लागू पडत नाही, हे नंतरच्या संशोधनात दिसले. तरीही शालेय वर्षभराचे एक्स्चेंज नेमके या अवघड मुदतीत मोडते, आणि यजमान घराचा आधार तेव्हाच सर्वांत जास्त लागतो. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी दाखवले की मायदेशी परतल्यावरही अशीच दुसरी घसरण येते.

परतल्यावरची अडचण केवळ मनाची नव्हती. सोफिया कोराडी ही इटालियन तरुणी फुलब्राइटवर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९५८ मध्ये रोमला परतली, तेव्हा तिच्या विद्यापीठाने तो अभ्यास मान्य केला नाही. हा अन्याय इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून कोराडी वर्षानुवर्षे झगडल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी मान्यतेची योजना लिहून मांडली. जून १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने इरॅस्मस योजना मंजूर केली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. १९८९ पासून श्रेयांकांची सामाईक पद्धत आली. वर्षाला ६० श्रेयांक हे तिचे माप, त्यामुळे एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशात मोजता येऊ लागला. कोराडींचा मूळ प्रश्न सुटला. यजमान कुटुंब मात्र या योजनेत मागे पडले. इरॅस्मसचे विद्यार्थी बहुधा वसतिगृहात किंवा एकत्र भाड्याने घेतलेल्या घरात राहतात, आणि ते परदेशी विद्यार्थ्यांतच रमतात, स्थानिकांत मिसळत नाहीत, अशी तक्रार होते.

शाळकरी वयात कुटुंबाची पद्धत टिकून आहे. महाराष्ट्रात ती रोटरी क्लबांमुळेही ओळखीची झाली. रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या एक्स्चेंजमध्ये साधारण १५ ते १९ वयाची मुले एक शैक्षणिक वर्ष परदेशात काढतात, आणि त्या काळात सहसा एकाहून अधिक घरांत राहतात. ज्या घरातले मूल बाहेर जाते, ते घर बऱ्याचदा परदेशी मुलासाठी उघडले जाते.