सुईण दारी आली, दंतवैद्य मात्र दूरच राहिला

एकदंताच्या उत्सवात दातांचा विषय निघाला, तर वाचकांना वावगे वाटू नये. आई आणि तान्हे मूल यांच्या दातांची काळजी ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार जगात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रुजला. आपल्या भागात तो काळ कसा गेला, याचा हा थोडक्यात आढावा.

इंग्लंडमध्ये १९१८ साली माता व बालकल्याणाचा कायदा झाला. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी सोयी करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. त्यातूनच दातांचे उपचारही सुरू झाले. ते सगळीकडे सारखे नव्हते. पुष्कळ ठिकाणी किडलेला दात उपटण्यावरच भागले. न्यूझीलंडने १९२१ पासून तरुण मुलींना दंतपरिचारिकेचे शिक्षण देऊन शाळकरी मुलांसाठी नेमले.

आपल्याकडे मातेच्या काळजीला सुरुवात झाली होती. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) परिचारिका आणि सुईणी तयार केल्या. भर सुखरूप बाळंतपणावर होता आणि त्या दिवसांत ते योग्यच होते. दातांसाठी मात्र माणसेच नव्हती. कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात तीन लाख लोकांमागे एक दंतवैद्य होता.

आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. किनवट आणि राजुरा हे तालुकेही १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. राजधानी हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर. साहजिकच दातांचा दवाखाना म्हणजे घरच! कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी, राखुंडी, ठणका लागला की लवंग. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव, शेपू आणि बाळंतविडा. यातले बरेच चांगले होते. पण बायकांची मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दातांचे औषध म्हणून घरात आली आणि व्यसन होऊन राहिली. मुलाचा दुधाचा दात पडला की शेणात घालून कौलावर फेकायचा. तो पडणारच, म्हणून किडला तरी कोणी मनावर घेत नसे.

ही समजूत अजून गेलेली नाही. दुधाचा दात किडून लवकर गेला, तर मूल नीट खात नाही आणि मागून येणारे दात वेडेवाकडे येऊ शकतात. गरोदरपणात हिरड्या सुजून रक्त येते. पोटातले बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते, हे मात्र खरे नाही. त्या दिवसांत दातांना हात लावायचा नाही, ही भीतीही निराधार आहे. डॉक्टरांना दिवस गेल्याचे सांगून उपचार करून घेता येतात.

आज साधने आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचे विकारही धरले आहेत. अंगणवाडीत तपासणीचे पथक आले की आपल्या नातवंडाचे तोंड उघडून दाखवावे. घरात सून-लेक गरोदर असेल, तर सोनोग्राफीइतक्याच आठवणीने तिला एकदा दंतवैद्याकडे न्यावे. आपल्या आज्यांना जे मिळाले नाही, ते आता हाताशी आहे. ते घेण्याचे काम आपले.