शालेय समाजकार्य आणि शाळा-सुरक्षा (पुणे शहर)

विद्यार्थी, कुटुंब व शाळा यांना जोडून मुलांवरील आणि मुलामुलांतील हिंसा रोखू पाहणारी समाजकार्याची शाखा.

तिचा उगम अमेरिकेत १९०६-०७ च्या सुमारास, घरभेटी देणाऱ्या शिक्षिकांच्या कामातून झाला. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली (पहा : समाजकार्य शिक्षण).

या शाखेचा भर पहाऱ्यापेक्षा ओळखीवर असतो. मधल्या सुट्टीत एकटे बसणारे मूल, स्वच्छतागृहाकडचा अंधारा बोळ, व्हॅनमधली मागची जागा, सोमवारची ठरलेली गैरहजेरी अशा खुणा कार्यकर्ता टिपतो. मग मुलाशी बोलणे, घरभेट आणि गरजेप्रमाणे समुपदेशन होते. तक्रारपेटी भिंतीवर असून भागत नाही, ती ठरल्या दिवशी उघडावी लागते. मारणारे मूलही मदतीस पात्र मानले जाते (पहा : बाल न्याय).

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण (पॉक्सो) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. येथे कार्यकर्त्याने पाळायची गोपनीयता संपते. राज्यात २०२२ मध्ये शाळांसाठी विद्यार्थी-सुरक्षेच्या सखी सावित्री समित्या ठरवण्यात आल्या, तर बदलापूर येथील शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे झाले. कॅमेऱ्याला घडलेले दिसते. घडू पाहणारे ओळखायला माणूस लागतो.

मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ विनाशुल्क आहे.