व्यासपीठाच्या शोधात वऱ्हाड

पारतंत्र्यातल्या प्रदेशाला राज्यकर्त्यांच्या राजकारणावर मत असू शकते. पण ते मांडायचे कोठे आणि कोणासमोर? वऱ्हाडच्या बाबतीत हा प्रश्न इतर प्रांतांपेक्षा अधिक बिकट होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, मात्र कायद्याच्या दृष्टीने मुलूख निजामाचाच राहिला. अमरावती-अकोल्याचा माणूस कर इंग्रजांना देई, न्याय इंग्रजांच्या कचेरीत मागे, आणि तरीही तो औपचारिक अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसे. १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. या व्यवहारात वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारले नाही.

विलायतेचे राजकारण वऱ्हाडाला परके मात्र नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले; युद्ध संपताच भाव कोसळले. आपल्या काळ्या मातीतल्या पिकाचे मोल लिव्हरपूलच्या बाजारात ठरते, हे येथल्या शेतकऱ्याला कोणत्याही पुस्तकावाचून कळले होते. अकोल्याच्या 'वऱ्हाड समाचार'सारख्या पत्रांमुळे मराठी वाचकवर्ग घडत होता. पण हा वाचक आणि निर्णय घेणारा मंत्री यांच्यामध्ये दोन भाषा आणि एक समुद्र होता.

हे अंतर ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमरावतीचे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी केला. १८९० मध्ये काँग्रेसने सुरेंद्रनाथ बॅनर्जी, ह्यूम, नॉर्टन आणि मुधोळकर यांचे शिष्टमंडळ इंग्लंडला पाठवले. त्याच वर्षी काँग्रेसच्या ब्रिटिश समितीचे 'इंडिया' हे नियतकालिक लंडनमध्ये सुरू झाले. ब्रिटिश मतदाराला वस्तुस्थिती समजली की तो न्याय करील, ही या सगळ्यामागची श्रद्धा. शिष्टमंडळाची मुख्य मागणी कायदेमंडळांच्या सुधारणेची होती. १८९२ चा कायदा झाला, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. ज्या सुधारणेसाठी मुधोळकर इंग्रज श्रोत्यांपुढे उभे राहिले, तिच्या कक्षेत त्यांचे अमरावती येतच नव्हते.

डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीतच भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण खापर्डे. राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळक तुरुंगात होते, नातू बंधू चौकशीवाचून स्थानबद्ध होते, आणि देशावर दुष्काळ व प्लेग यांची छाया होती. ब्रिटिश न्यायाच्या कल्पनेची परीक्षा येथे वऱ्हाडच्या भूमीवर झाली, तीही मुख्यतः इंग्रजी भाषणांतून.

याच खापर्ड्यांनी पुढे दुसरा मार्ग चोखाळला. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर ते लंडनला गेले आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागण्याच्या खटपटीत राहिले. अपिलाची परवानगी मिळाली नाही. मराठी सभेत विनोदाने श्रोत्यांना हसवून खिळवून ठेवणारा हा वक्ता लंडनमध्ये कायद्याच्या कोरड्या भाषेत अडकून पडला. मात्र डिसेंबर १९०८ मध्ये कॅक्स्टन हॉलमधील हिंदी लोकांच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, हे लक्षणीय आहे. मुधोळकरांचा श्रोता इंग्रज मतदार होता. कॅक्स्टन हॉलमध्ये लंडनच्या मध्यभागी हिंदी माणूस हिंदी माणसाशी बोलत होता. स्थळ तेच, श्रोता बदललेला.

साहित्याच्या अभ्यासकाला या बदलात विशेष रस असायला हवा. श्रोता बदलला की लेखनप्रकारही बदलतो. अर्ज आणि निवेदन यांना आकडे, पुरावे, विनयाची भाषा आणि वाट पाहण्याची तयारी लागते. सभेतल्या भाषणाला उपरोध, म्हणी आणि समोरच्या समूहाचा तात्काळ प्रतिसाद लागतो. मवाळ आणि जहाल हा भेद आपण मतांचा म्हणून शिकवतो. तो तितकाच श्रोत्यांचा आणि शैलीचा आहे.

डिसेंबर १९२० मध्ये वऱ्हाडच्या शेजारी नागपूरला काँग्रेस भरली. तिने असहकाराचा ठराव पक्का केला, आणि ब्रिटिश समिती व 'इंडिया' पत्र बंद करण्याचेही ठरवले. ज्या व्यासपीठावर मुधोळकरांनी तीस वर्षांपूर्वी विश्वास टाकला होता, ते असे हाकेच्या अंतरावर मोडले गेले. पुढच्याच महिन्यात मुधोळकर वारले. असहकार न पटलेले खापर्डे राज्यपरिषदेत गेले. नागपूरच्या त्या निर्णयाला आपण स्वाभिमानाचा विजय म्हणतो, आणि ते खरे आहे. पण परक्या माणसालाही युक्तिवादाने पटवता येते ही श्रद्धाही त्याबरोबर मागे पडली, आणि तिच्यासाठी वऱ्हाडच्या दोन वकिलांनी आयुष्याची काही वर्षे खर्ची घातली होती, एवढी नोंद इतिहासाने ठेवायला हवी.